डिलिव्हरीच्या घाईतून स्वतःच्या शेडपर्यंत

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये गाड्या धुणारी, बफिंग मारणारी पोरं भेटली की हमखास विचारतात, "दादा, इथंच राहू का स्वतःचं टाकू?" याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही, कारण मी दोन्ही केलं आहे आणि दोहोंच्या मधलं तिसरंही. आधी शोरूममध्ये व्हेंडरचा माणूस म्हणून राबलो, मग स्वतःची फर्म काढून शोरूमचंच कंत्राट घेतलं, आणि आता बेसा भागात माझं डिटेलिंगचं, म्हणजे गाडी बारकाईने धुऊन-चमकवून द्यायचं, शेड आहे. मशीन तेच, पॅड तेच, हात तेच. एका गाडीला किती वेळ द्यायचा हे ठरवणारा माणूस मात्र तिन्ही वेळा वेगळा होता, आणि पैसा, केमिकल, फडक्याची प्रत, माझी झोप, सगळं त्यावरून ठरत गेलं.

शोरूममध्ये गाडी चमकवणारी माणसं बहुतेकदा शोरूमची नसतात, हे ग्राहकाला ठाऊक नसतं. मी जिथे जिथे होतो तिथे वॉशिंग-पॉलिशचं काम बाहेरच्या व्हेंडरकडे होतं. जागा, पाणी, वीज आणि गाड्या शोरूमच्या. माणसं, मशीन, केमिकल व्हेंडरचं. अंगातला शर्ट शोरूमचा, पगार व्हेंडरचा. गाडी ट्रेलरवरून उतरली की यार्डात जाते. यार्ड म्हणजे शहराबाहेरचं उघडं मैदान. तिथे ती कधी आठवडाभर उभी असते, कधी महिना-दोन महिने. वरून आपल्या नागपूरचं ऊन, पाखरांची विष्ठा, वाऱ्याने येणारी धूळ. यार्ड कोराडी-खापरखेड्याच्या अंगाला असेल तर वीज केंद्रांची राखही. ही राख बोटाला पावडरीसारखी मऊ लागते, पण तिच्यात सिलिका असते. कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर बारीक गोल ओरखडे उठतात. आम्ही त्यांना स्वर्ल म्हणतो. सावलीत दिसत नाहीत, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

गाडी कोणाच्या नावावर अलॉट झाली की पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, आणि मग आमच्याकडे. बोनेट आणि टपावरची पांढरी फिल्म काढायची, तिचा उन्हाने कडक झालेला गोंद सोडवायचा, धुवायची, काचा, डॅशबोर्ड, टायरला काळं ड्रेसिंग. नीट करायचं तर यालाच अर्धा दिवस जातो. आम्हाला पाऊण तास मिळायचा, सणाच्या दिवशी त्याहून कमी. सेल्सवाला धावत यायचा, "भाऊ, अकराचा मुहूर्त आहे, फॅमिली येऊन बसली अन् तू अजून फडकंच मारून राहिला?" यात त्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याच्या डोक्यावर टार्गेट, बाहेर आजीबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि मुहूर्त टळला तर शिव्या त्यालाच.

मग आम्ही काय करायचो? रोटरी मशीनला लोकरी पॅड, त्यावर फिलरवालं पॉलिश, आणि फिरवली. रोटरी पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतो, झपाट्याने कापतो आणि मागे धूसर पट्टे सोडतो, ज्याला होलोग्राम म्हणतात. फिलर ते पट्टे आणि यार्डातले ओरखडे भरून टाकतो. डिलिव्हरी बेच्या ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी. चार-सहा वेळा धुतली की फिलर निघून जातो आणि गडद रंगाच्या गाडीचा मालक एक दिवस दुपारच्या उन्हात बोनेटकडे पाहून हबकतो. त्याला वाटतं घरच्या धुणाऱ्या पोराने वाट लावली. पुष्कळदा वाट यार्डातच लागलेली असते.

तरी नवशिक्याला मी शोरूम सोड म्हणत नाही. दिवसाला इतक्या गाड्या हाताखालून दुसरीकडे कुठेच जात नाहीत. कडेला आणि बॉडी लाइनवर रंगाचा थर पातळ असतो, तिथे मशीन टेकवायचं नाही किंवा टेप लावून मगच फिरवायचं. बंपर प्लास्टिकचा असल्याने उष्णता धरून ठेवतो आणि पत्र्यापेक्षा लवकर जळतो. एका कंपनीचा काळा रंग फडक्यानेही ओरबाडतो, दुसऱ्या कंपनीचा दोनदा कंपाउंड, म्हणजे रंग कापणारं पॉलिश, मारूनही हलत नाही. हे सगळं हाताला तिथेच कळलं. आमचे सुपरवायझर काका मशीनचा आवाज ऐकून लांबून ओरडायचे, "दाब कमी कर, पेंट जळते." कान तयार झाले ते त्यांच्यामुळे.

एक गोष्ट मात्र तिथे कोणी ग्राहकाला सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. पूजेत बोनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढतात, हळद लावतात, हार घालतात. सगळं छान आहे, करावंच. पण घरी गेल्यावर ते वाळलेलं कुंकू फडक्याने घासून काढू नका. त्याचे कण रंगावर रगडले जातात, आणि पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग राहिला तर तो वेगळाच ताप. पाण्याची धार सोडा, भिजू द्या, वाहून जाऊ द्या.

व्हेंडरकडे असताना मला पैशाची वाट दिसायला लागली. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर चढवायच्या पारदर्शक संरक्षक थराचे, ग्राहकाच्या बिलात जेवढे पैसे लागायचे, त्याच्या पाव ते एक तृतीयांश व्हेंडरच्या हाती यायचे आणि त्यातून केमिकल जाऊन मग आमचा पगार. मला वाटलं, व्हेंडर आपणच व्हावं. फर्म काढली, जीएसटी नंबर घेतला, दोन पोरं बरोबर घेतली आणि एका डीलरचं कंत्राट मिळवलं. लोक याला स्वतःचा धंदा म्हणतात. माझ्या मते हा धंद्याचा सगळ्यात अवघड प्रकार आहे, कारण जबाबदारी मालकाची आणि वेळ दुसऱ्याच्या हातात.

पैशाचं चक्र कसं फिरतं ते आकड्यांत पाहा. समजा महिन्याचं बिल २ लाखांचं झालं. त्यावर १८ टक्के म्हणजे ३६ हजार जीएसटी. बिल काढलं की कर देणं लागतो, पैसे हाती आले की नाही याच्याशी सरकारला घेणं नाही. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रिटर्न. केमिकलच्या खरेदीवरचं क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम माझ्या खात्यातून भरायची, आणि शोरूमचा चेक तिसऱ्या महिन्यात. तोही १ टक्का टीडीएस कापून. टीडीएस पुढे रिटर्न भरल्यावर हिशेबात येतो, तो बुडत नाही, पण तेवढे दिवस तो अडकलेला असतो. बिलासोबत प्रत्येक गाडीच्या जॉब कार्डवर सुपरवायझरची सही, हजेरीपट, पीएफ-ईएसआयसीचं चलन. एक कागद राहिला की फाइल अकाउंटमधून परत. मधेच एखादी डेबिट नोट यायची: अमुक गाडीच्या दारावर ओरखडा, इतके रुपये वजा. तो ओरखडा आमचा की ट्रेलरचा, हे सिद्ध करायचं काही साधन माझ्याकडे नसायचं. पुढे मी गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलो, तेव्हा डेबिट नोटा जवळजवळ थांबल्या.

पोरांचा पगार मात्र ७ तारखेच्या पुढे जाऊ दिला नाही. त्यांच्या घरचा किराणा माझ्या चेकसाठी थांबत नव्हता. त्यासाठी घरून, मित्रांकडून, जिथून मिळेल तिथून उसने आणले.

यातून सुटका मला एका कागदाने दिली, आणि तो कागद फुकट मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ सालचा आहे. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असं लिहिलेलं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एवढा कायदा असून कोणी हलत नव्हतं. मग आयकराच्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद आली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षाच्या हिशेबात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच दाखवता येतो. म्हणजे उशिराचा फटका त्याच्याच करात. मी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागलो आणि सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडायला लागलो. मार्चमध्ये अकाउंटवाल्यांनीच फोन केला, "तुमचं किती बाकी आहे हो?" शोरूमचं काम घेणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिली हीच गोष्ट सांगतो. आधी उद्यम, मग लेखी करार, मग मशीन.

तरीही कंत्राटावर सगळं उभं ठेवणं मला पटेना. मॅनेजर बदलला की व्हेंडर बदलतो, हे आजूबाजूला दिसत होतं. म्हणून मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या किशोर गटातून कर्ज घेतलं. ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंतचा हा गट, तारण लागत नाही. बँकेने कोटेशन, उद्यम, जीएसटीची रिटर्न्स आणि खात्याचा उतारा मागितला. कंत्राटाच्या काळातली रिटर्न्स वेळेवर भरलेली होती, ती इथे कामाला आली. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं, लोक उगाच घाबरवतात. माझ्याकडे दहाहून कमी माणसं, त्यामुळे २०१७ च्या नव्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की काम झालं.

शेड घेतल्यावर खरा अभ्यास सुरू झाला तो पाण्याचा आणि उन्हाचा. बोअरचं पाणी जड. थेंब वाळला की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगावर पांढरी रिंगणं करून बसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढेही जातो, उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, आणि थेंब पाहता पाहता आटतो. शोरूममध्ये पुढचा माणूस लगेच फडकं मारायचा, रिंगण राहिलंच तर ते ग्राहकाच्या घरी दिसायचं. इथे ते माझ्याच डोळ्यांसमोर. सॉफ्टनर लावला. पण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. डाग पुसले जातात, पडायचे थांबत नाहीत. शेवटची धार डीआय पाण्याची, म्हणजे क्षार पूर्ण काढलेल्या पाण्याची, मारायला लागलो तेव्हा काच आणि काळा रंग कोरे राहू लागले. उन्हाळ्यात धुलाई सकाळी आठच्या आत आटोपते. त्यानंतर येणाऱ्याला मी सावलीत गाडी थंड होईपर्यंत बसवून ठेवतो, चहा पाजतो, पण गरम पत्र्यावर शाम्पू पडू देत नाही.

कोटिंगच्या खोलीचं तर आणखी वेगळं. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. पण कूलर ओली हवा फेकतो, सोबत तुषार आणि खसाचे तंतू. सिरॅमिक कोटिंग लावल्यावर त्यातलं सॉल्व्हंट उडून थर पकडायला लागतो, तो नेमका क्षण ओळखून ते पुसायचं असतं. गरम पत्र्यावर तो क्षण फार लवकर येतो, दमट हवेत कोटिंग वेगाने घट्ट होतं, आणि पुसायला जरा उशीर झाला की चिकट डाग तसाच बसतो. तो काढायला पुन्हा मशीन. म्हणून एक खोली बंद करून एसी लावावा लागला. महावितरणचं व्यावसायिक मीटर आणि त्यात एसी, कंप्रेसर, प्रेशर वॉशर. शोरूममध्ये वीज कधी माझ्या हिशेबात आली नव्हती, इथे ती भाड्याच्या खालोखाल आहे.

आता त्या मापाबद्दल, ज्याने माझं काम बदललं. पेंटची जाडी मोजणारं मीटर. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. त्यातला वरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, ४०-५०. कंपाउंड मारलं की त्यातलेच दोन-चार मायक्रॉन जातात. म्हणजे गाडीच्या आयुष्यात जोरदार रबिंग किती वेळा करायचं याला मर्यादा आहे, आणि शोरूममध्ये आम्ही ती न मोजता खर्च करत होतो. मोजायला वेळच नसायचा. आता माझ्याकडे मीटर लावल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

असंच त्रिमूर्ती नगरचे एक निवृत्त सर नवी गडद निळी गाडी कोटिंगला घेऊन आले. सोबत काकूही होत्या. मी मोजत गेलो: बोनेट ११०, टप ११५, उजवे दोन्ही दरवाजे त्याच घरात. डावा मागचा दरवाजा २४०. सगळीकडे तेवढाच. सरांनी विचारलं, "याचा अर्थ काय?" मी सांगितलं, या दरवाजावर कारखान्यानंतर पुन्हा रंग बसलेला दिसतो. पोचा बुजवायला पोटीन भरलेली असती तर आकडा याच्या कितीतरी वर गेला असता, म्हणजे ठोकलेली गाडी म्हणता येणार नाही, वाटेत किंवा यार्डात घासला असेल. काकू म्हणाल्या, "तू तिथे काम करत होता नं बाळा, मग खरं सांग, असं करतात का?" मी म्हटलं, "काकू, या दरवाजाचं काय झालं ते मी पाहिलं नाही. मीटर सांगते तेवढं मी सांगतो." आणि मीटर सरांच्याच हातात दिलं. त्यांनी स्वतः मोजलं, फोटो काढले. कोटिंग त्या दिवशी लावलं नाही. एकदा वरून थर चढवला की उद्या हा दरवाजा आमच्याकडेच रंगवला असं कोणीही म्हणू शकतं. आधी शोरूममध्ये जा, पीडीआयचा कागद लेखी मागा, मग या, असं सांगितलं.

दोन दिवसांनी शोरूमकडच्या ओळखीतल्या एकाचा फोन. "दादा, तू मीटर काहून लावून राहिला नव्या गाड्यांना? आमची पंचाईत होते."

"भाऊ, किती शिल्लक आहे ते माहीत नसताना कापू कसं? उद्या पेंट उडाला तर तू येशील का भरून द्यायले?"

तो काही बोलला नाही. त्या बाजूने येणारी कामं काही महिने बंद झाली. सर मात्र गाडी परत घेऊन आले, आणि त्यांच्या कॉलनीतून आलेल्या गाड्यांवर माझा तो पावसाळा निघाला. शोरूममध्ये असतो तर मला हे बोलता आलं नसतं. पोटाचा प्रश्न असताना कोणी बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण स्वतःच्या शेडची किंमत मी भाड्यात मोजत नाही ती यामुळे.

किंमत आहे, ती मोठी आहे. अर्धा दिवस फोनवर जातो. "कोटिंग केल्यावर दगड लागला तर?" लागला तर टवका निघणार, त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, वेगळी. कोटिंगवर ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरचं आहे, दगडाशी त्याचा संबंध नाही. "मग पाणी लावलं की डाग पडणार नाहीत ना?" जड पाणी वाळलं तर कोटिंगवरही पडतील, सुटतील लवकर. असं खरं सांगितलं की दहातले तीन-चार जण दुसरीकडे जातात, जिथे आयुष्यभर चमकेल म्हणून सांगतात. जे थांबतात ते टिकतात. उमरेड, वणीकडे कोळशाच्या रस्त्यांवर रोज जाणारे इंजिनियर, समृद्धीवरून मुंबई करून बंपरभर किडे चिकटवून आणणारे व्यापारी, हे दर महिन्याला येतात. किड्यांचा रस उन्हात रंगात मुरतो, त्यामुळे त्यांना मी घरी पोचल्या पोचल्या पाणी मारायला सांगितलं आहे, आणि आता ते फोटो पाठवून विचारतात, निघालं का बघ. गाडी एकदा हातावेगळी झाली की संपली, असं इथे होत नाही. पितृपक्षात शोरूम ओस पडतं, पण या माणसांच्या गाड्या तेव्हाही धुळीने भरतात.

शोरूमचं काम मी पूर्ण सोडलं नाही. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी लोक बुकिंग करून थांबून होते, वरून पितृपक्ष; यार्ड तुडुंब. मग २ ऑक्टोबरचा दसरा, १८ ला धनत्रयोदशी. एका डीलरने विचारलं, येतो का. मी अटी लिहून दिल्या: यार्डातली गाडी कोरडी पुसायची नाही, आधी धुवायची; त्यासाठी डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच गाडी आमच्या ताब्यात; गडद रंगाला रोटरी लावायची नाही; ताब्यात घेतानाचा व्हिडिओ दोघांकडे; पैसे ४५ दिवसांत. रेट थोडा वाढवून मागितला, तो त्यांनी कापला. आदल्या संध्याकाळची अट मात्र मान्य केली, कारण सकाळची धावपळ त्यांनाही नकोच होती. त्या दिवसांत माझ्या शेडमध्ये कोटिंगचं बुकिंग बंद ठेवलं, रोजच्या ग्राहकांना फोन करून आधीच सांगितलं. पोरं रात्री यार्डात ट्यूबलाइट लावून गाड्या धुवायची, पहाटे चारला मी चहा-पोहे घेऊन जायचो. अंधार असेपर्यंत पत्रा थंड असतो, काम सुरेख होतं. या दसऱ्यालाही जायचं आहे. फक्त यार्डातल्या बोअरचं पाणी तपासून घेऊन डीआयची टाकी पिकअपमध्ये टाकून न्यावी लागेल, तेवढं त्यांच्याशी भाड्याचं बोलणं बाकी आहे.